समजून वाचण्याचा वेग

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोललं, की अभ्यासक्रमाच्या लांबीइतकीच तक्रार वाचनाच्या वेगाची ऐकू येते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात २ तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांतला मोठा वाटा उताऱ्यांच्या आकलनाचा असतो. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि त्या दीड मिनिटातच उताराही वाचायचा. पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या मुलांना कुणी ‘मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवतो’ म्हटलं, तर त्यांचे कान टवकारतात यात नवल नाही. वकील, शिक्षक, संशोधन करणारे विद्यार्थी यांनाही तीच ओढ असते. गरज खरी आहे आणि वेग वाढतोही, अगदी आकलनासकट. पण तो जिथून वाढतो ती जागा जाहिरातींत सहसा दाखवत नाहीत.

डोळा ओळीवर काय करतो

वाचताना नजर ओळीवरून सलग सरकते असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधले नेत्रतज्ज्ञ लुई एमिल झावाल यांच्या कामातून पुढे आलं. डोळा एका जागी थांबतो, मग पुढे उडी घेतो, पुन्हा थांबतो. प्रत्येक थांबा साधारण २०० ते २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ पाव सेकंदाचा असतो. उडी २० ते ३५ मिलिसेकंदांत उरकते आणि ती चालू असताना डोळा नवं काही टिपत नाही. वाचन होतं ते थांब्यावर.

थांब्यावर किती दिसतं? दृष्टिपटलाच्या मधोमध जो लहानसा भाग आहे, त्यालाच अक्षर स्वच्छ दिसतं. जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी १९७५ साली इंग्रजी वाचकांवर प्रयोग केले आणि पुढे अनेकांनी ते पडताळून पाहिले. थांब्याच्या डावीकडची ३-४ आणि उजवीकडची १४-१५ अक्षरं एवढ्याच पट्ट्यातून उपयोगी माहिती मिळते. शब्द नेमका ओळखता येईल असा भाग त्याहूनही अरुंद असतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे हा पट्टा डावीकडे झुकतो. म्हणजे वाचनाच्या दिशेनुसार लक्ष कलतं, पण डोळ्याच्या रचनेने घातलेली मर्यादा सरावाने हटत नाही. ‘एका नजरेत अख्खी ओळ’, ‘एका नजरेत अख्खं पान’ हे दावे याच जागी अडतात.

आणखी एक साधा हिशोब आहे. प्रत्यक्ष डोळे हलवण्यात जाणारा वेळ वाचनाच्या एकूण वेळेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. डोळ्यांचे व्यायाम करून तो सगळाच्या सगळा वाचवता आला, असं क्षणभर धरलं, तरी मिनिटाला १५० शब्द वाचणारा माणूस १६५-१७० पर्यंतच पोचेल. बाकीचा वेळ शब्द ओळखण्यात, त्यांचे अर्थ लावण्यात आणि वाक्यं एकमेकांशी जुळवण्यात जातो. हे काम मेंदूचं आहे, आणि वेगाची खरी कमाई तिथेच करता येते.

मिनिटाला किती शब्द

बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये १९० अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मनात वाचताना माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या वेगाने वाचतो, कथा-कादंबरी २६० च्या वेगाने. मोठ्याने वाचताना हाच आकडा १८३ वर येतो. म्हणजे हजाराचा दावा करणारा सरासरीच्या चौपट वेग देऊ करत असतो.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द. इंग्रजीत तेवढंच सांगायला आठ लागतात. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे एकेक शब्द जास्त ऐवज घेऊन येतो. मराठीत मिनिटाला १६० शब्द वाचणाऱ्याने इंग्रजीचा २३८ हा आकडा पाहून खचून जाण्याचं काहीच कारण नाही. तुलना स्वतःची स्वतःशी करावी, आणि तीही एकाच भाषेत.

मोजण्याची पद्धत सोपी आहे. वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या. दहा ओळींतले शब्द मोजून एका ओळीची सरासरी काढा, तिला एकूण ओळींनी गुणा. मग घड्याळ लावून नेहमीसारखं एकदा वाचा. वाचून झालं की पान झाका आणि लेखकाचं म्हणणं काय, त्याने कोणती कारणं दिली, कोणता आकडा किंवा उदाहरण वापरलं, हे चार-पाच वाक्यांत लिहा. नंतर ताडून पाहा. जे लिहिता आलं नाही, ते वाचलं असं धरू नका. दर आठवड्याला साधारण तेवढ्याच अवघड मजकुरावर हीच मोजणी करा. नुसत्या शब्दसंख्येचा तक्ता भिंतीवर लावणारी मुलं स्वतःची दिशाभूल करून घेतात, कारण घाई केली की शब्दसंख्या पहिल्याच दिवशी वाढते.

हजार शब्दांचं आश्वासन

जलद वाचनाचा मोठा व्यवसाय उभा केला तो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या शिक्षिका एव्हलिन वूड यांनी. १९५९ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ नावाची संस्था काढली. हात पानावरून खाली फिरवायचा, नजरेने त्याचा माग घ्यायचा, शब्द मनात उच्चारायचे नाहीत आणि मागे वळायचं नाही, अशी त्यांची शिकवण होती. केनेडी, निक्सन आणि कार्टर या राष्ट्राध्यक्षांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या कर्मचाऱ्यांनीही हे धडे घेतले, त्यामुळे या पद्धतीला मोठी प्रतिष्ठा मिळाली. आजही आपल्याकडच्या वर्गांत सांगितले जाणारे बहुतेक नियम तिथूनच आले आहेत.

१९८० च्या सुमारास मार्सेल जस्ट, पॅट्रिशिया कार्पेंटर आणि मायकेल मॅसन या संशोधकांनी असे धडे घेतलेल्यांची परीक्षा घेतली. एका बाजूला प्रशिक्षित वाचक, मिनिटाला सुमारे ७०० शब्दांचे. दुसऱ्या बाजूला कोणतंही प्रशिक्षण नसलेले, पण ‘भराभर चाळा’ एवढंच सांगितलेले लोक, सुमारे ६०० शब्दांचे. तिसऱ्या बाजूला नेहमीच्या चालीने वाचणारे. आकलनात नेहमीच्या चालीचे वाचक सरस ठरले. सोप्या मजकुराचा ढोबळ आशय सांगण्यात प्रशिक्षितांना चाळणाऱ्यांपेक्षा थोडा फायदा दिसला; अवघड मजकुरात आणि तपशिलात तोही उरला नाही. जिथे नजर पडलीच नव्हती, तिथला तपशील त्यांना सांगता आला नाही. मला या प्रयोगाचं महत्त्व फार वाटतं, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: फी भरून शिकलेली कला बहुतांशी चाळण्याची कला होती, आणि चाळायला सांगितलं तर ती कोणालाही जमते.

२०१४ मध्ये ‘स्प्रिट्झ’ नावाचं तंत्रज्ञान गाजलं. पडद्यावर एकाच जागी एकामागून एक शब्द झळकत राहतात आणि डोळ्याला उडी मारावीच लागत नाही. पण सुटलेला शब्द पुन्हा पाहायची सोयही तिथे राहत नाही. त्याच वर्षी एलिझाबेथ शॉटर आणि सहकाऱ्यांनी वाचून झालेला शब्द मागून झाकला जाईल अशी व्यवस्था करून प्रयोग केला. मागे वळता न आल्यामुळे आकलन घटलं. पुढे २०१६ मध्ये रेनर, शॉटर, मॅसन आणि आणखी दोन संशोधकांनी या क्षेत्रातल्या कामाचा सविस्तर आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा, की वेग आणि अचूकता यांत देवाणघेवाण होतेच. वाचकाला अडवते ती भाषेवरची पकड, नजरेची चाल नव्हे.

मागे वळणं आणि मनातला आवाज

तरबेज वाचकसुद्धा शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागच्या दिशेने मारतो. त्यातल्या काही लक्ष उडाल्यामुळे होतात. त्या कमी करता येतात: फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, ओळीखाली बोट किंवा पट्टी धरली, झोप पुरेशी झाली, की फरक पडतो. पण अर्थ नीट लागला नाही म्हणून मागे वळणं हा प्रामाणिक वाचनाचा भाग आहे. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं. शासन निर्णयातलं पाच ओळींचं वाक्य ‘मंजुरी देण्यात येत आहे’ की ‘येत नाही’ हे अगदी शेवटी सांगतं, तोवर कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटीवर हे सगळं मनात धरून ठेवावं लागतं. अशा वाक्यात नजर मागे गेली, तर ती जाऊ द्यावी.

मनातला आवाज बंद करा, हा दुसरा लाडका सल्ला. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ओठ हलवत, पुटपुटत वाचलं तर वेग बोलण्याच्या वेगाला बांधला जातो. सोप्या मजकुरापुरती ती सवय सोडायला हरकत नाही. पण ओठ न हलवता मनात उमटणारा आवाज वेगळा. वाचताना लोकांना तोंडाने काहीतरी निरर्थक घोकायला लावून हा आवाज दाबला, तर वाक्यांमधून मिळून येणारा अर्थ लावायला त्यांना जड जातं, असं प्रयोगांत दिसलं आहे. अवघड परिच्छेदावर तर त्या आवाजाची मदत हवीच.

वेग येतो तो शब्दांतून आणि विषयाच्या ओळखीतून

आता मुख्य गोष्ट. कोल्हापूरकडच्या ऊस उत्पादक शेतकऱ्याला गळीत हंगामाची बातमी वाचताना पाहा. ‘गाळप’, ‘एफआरपी’, ‘साखर उतारा’, ‘तोडणी-वाहतूक खर्च’ हे शब्द त्याला अडवत नाहीत. तो बातमीवरून नजर फिरवतो आणि यंदा टनामागे किती हातात पडणार हे सांगून मोकळा होतो. तीच बातमी मुंबईतला उत्तम शिकलेला माणूस दोनदा वाचेल आणि उतारा म्हणजे टनामागे निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, हे त्याला विचारावं लागेल. पुढे त्याच माणसाच्या हाती शेअर बाजाराचं पान दिलं, तर चित्र उलटं होईल. दोघांचे डोळे तेच, वेग मात्र विषयागणिक बदलला.

अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये हेच शाळकरी मुलांवर तपासलं. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनाच्या चाचणीत कच्ची ठरलेली, पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळाची माहिती नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्याला आपण ‘वाचनाचं कौशल्य’ म्हणतो, त्यातला मोठा भाग त्या विषयाच्या ओळखीचा असतो.

यातून निघणारा मार्ग अगदी व्यवहारी आहे. अर्थशास्त्राचा जाडजूड संदर्भग्रंथ थेट उघडून तो सावकाश वाचला जातो म्हणून स्वतःला दोष देण्याऐवजी आधी शालेय पाठ्यपुस्तकातली तीच प्रकरणं वाचा. एखाद्या अनोळखी विषयात शिरण्याआधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचा; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत उभा राहिलेला हा कोश आता इंटरनेटवर विनामूल्य आहे. पंधरा-वीस मिनिटांच्या या तयारीने पुढच्या शंभर पानांचा वेग बदलतो. एकाच विषयावरची तीन-चार पुस्तकं लागोपाठ वाचली, तर तिसरं आणि चौथं कितीतरी लवकर संपतं, कारण त्यातली नावं, संज्ञा आणि वाद ओळखीचे झालेले असतात.

शब्दांचंही तसंच. ‘महसुली तूट’, ‘विनियोजन’, ‘अध्यादेश’ या शब्दांवर दर वेळी अडखळणाऱ्याला वेगाची कोणतीही युक्ती उपयोगी पडणार नाही. अडलेला शब्द वहीत वाक्यासकट उतरवावा, नुसता अर्थ लिहून ठेवू नये. आणि मराठी माध्यमातून महाविद्यालयात गेलेल्या मुलांना विशेष सांगावंसं वाटतं: इंग्रजी पुस्तक सावकाश वाचलं जातं, ते भाषेची सवय कमी असल्यामुळे. तुमच्या बुद्धीत किंवा नजरेत खोट नाही. सोपं इंग्रजी भरपूर वाचणं हाच त्यावरचा उपाय आहे. कॅनडातले संशोधक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं, की जास्त वाचणाऱ्याचा शब्दसाठा वाढतो, त्यामुळे वाचणं सोपं होतं, त्यामुळे तो आणखी वाचतो. आणि जो मागे पडतो तो याच क्रमाने आणखी मागे पडत जातो. म्हणून लहानपणी वाचनात मागे पडलेल्या मुलाकडे वेळीच लक्ष देणं मला इतकं निकडीचं वाटतं.

लहान मुलांच्या बाबतीत

देवनागरीत मुलाला बरंच काही एकदम सांभाळावं लागतं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि उच्चार मात्र नंतर होतो. उकार खाली, मात्रा वर, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांची रूपं वेगळीच. हे सगळं आपोआप ओळखू येईपर्यंत मुलाचं सारं लक्ष अक्षरांत अडकून राहतं आणि अर्थाकडे द्यायला काही उरत नाही. वाक्य बिनचूक वाचून दाखवणारं मूल ‘काय वाचलंस?’ या प्रश्नाला गप्प बसतं, ते यामुळे.

संशोधक जे. सॅम्युअल्स यांनी १९७९ मध्ये मांडलेली पुन्हापुन्हा वाचण्याची रीत इथे उपयोगी पडते. शंभर-दीडशे शब्दांचा एक तुकडा घ्यायचा, तो मुलाने मोठ्याने वाचायचा, अडलं तिथे आपण सांगायचं, आणि तोच तुकडा ओघवता होईपर्यंत तीन-चार वेळा वाचायचा. मग नवा तुकडा. मुलाला घड्याळाची भीती घालू नये. आईवडिलांनी रोज दहा मिनिटं वाचून दाखवलं, तर वाक्याचा चढउतार मुलाच्या कानात बसतो.

पुस्तक हातात घेतल्यावर

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच चालीने वाचणं ही फार महागडी सवय आहे. आधी अनुक्रमणिका, प्रस्तावना, प्रकरणांची पहिली आणि शेवटची पानं पाहावीत. आपल्याला यातून काय हवंय ते ठरवावं. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलेली, जगभर शिकवली जाणारी अभ्यासपद्धत अशीच आहे: आधी चाळा, प्रश्न तयार करा, त्यांची उत्तरं शोधत वाचा, न पाहता सांगा, शेवटी उजळणी करा.

यातली ‘न पाहता सांगा’ ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरा वेळ तीच वाचवते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं. म्हणजे एकच प्रकरण चार वेळा वाचणारा विद्यार्थी, एकदा नीट वाचून दोनदा आठवून लिहू लागला, तर मिनिटाचा वेग तसाच राहूनही त्याचा अभ्यास लवकर उरकेल.

चाळण्यालाही मान द्यावा. वेळ अपुरा असेल तेव्हा मजकुराचा अर्धाच भाग नीट वाचण्यापेक्षा सगळा चाळलेला बरा. महत्त्वाचे मुद्दे त्यात जास्त सापडतात. परिच्छेदाचं पहिलं वाक्य पाहावं, नवं काही मिळेनासं झालं की पुढच्या परिच्छेदावर जावं. मात्र कर्जाचा करार, विम्याच्या अटी, खरेदीखत, औषधाच्या सूचना यांवर हा प्रयोग करू नये. कवितेवर तर नकोच.

परीक्षेच्या उताऱ्यासाठी माझं मत असं: पर्यायांत न शिरता आधी फक्त प्रश्न वाचून घ्यावेत, मग उतारा एकदाच, पण पूर्ण लक्ष देऊन वाचावा. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘म्हणूनच’, ‘याउलट’ या शब्दांपाशी सावध व्हावं, कारण लेखकाचं मत तिथे वळतं. दोनदा अर्धवट वाचण्यात जितका वेळ जातो, त्यापेक्षा एकदा नीट वाचण्यात कमी जातो.

कागद, पडदा आणि चष्मा

२००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांची तुलना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा अधिक समजला, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक वाढला. कथांच्या बाबतीत फरक दिसला नाही. तेव्हा अभ्यासाची टिपणं शक्यतो छापील घ्यावीत. चाळिशीनंतर वाचनाचा वेग घटला, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. पुष्कळांना हवा असतो तो फक्त चष्म्याचा योग्य नंबर आणि टेबलावर बरा उजेड.

वर्गाला जाण्याआधी

जलद वाचनाच्या वर्गाची फी भरण्याआधी तिथे एक मागणी करा: आम्ही आणलेला, तुम्ही न पाहिलेला माहितीपर मजकूर घड्याळ लावून वाचून दाखवा, मग तो बाजूला ठेवून तपशिलाच्या प्रश्नांची उत्तरं द्या. तयारी दिसली नाही, तर त्या पैशांत गावातल्या वाचनालयाची वर्षाची वर्गणी भरा आणि ज्या विषयात वेग हवा आहे, त्यातलं सगळ्यात सोपं पुस्तक आधी घरी आणा.